अधूनमधून येणारा इंजेक्टरचा फॉल्ट कसा शोधायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी-पुलगाव पट्ट्यात गाड्यांचं वायरिंग उघडून बसण्यात माझी बरीच वर्षं गेली. या भागातली एक तक्रार ठरलेली आहे: "भाऊ, गाडी कवाकवा झटके मारते. तुमच्याकडे आणली का मात्र एकदम बरोबर चालते." पुढचं वाक्यही ठरलेलंच: "इंजेक्टर बदलून पाह्यला न, तरी तसंच." खालचे प्रश्न अशाच गिऱ्हाइकांचे आहेत, आणि काही नव्यानं गॅरेज टाकणाऱ्या पोरांचे. उत्तरं पेट्रोल गाडी धरून दिली आहेत. डिझेलचा प्रश्न पुढे वेगळा आहे. तो वाचल्याशिवाय डिझेल गाडीला हात लावू नका.

इंजेक्टरचा इलेक्ट्रिक फॉल्ट म्हणजे नेमकं काय बिघडतं?

पेट्रोल गाडीचा इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडणारी बारीक तोटी. आत तांब्याच्या तारेची कॉइल असते आणि बाहेर दोन वायरी येतात. स्विच ऑन केला की एका वायरीला फ्यूज आणि रिलेमधून १२ व्होल्ट मिळतात. दुसरी वायर ईसीएमकडे, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरकडे जाते. ईसीएम ती जेवढा वेळ अर्थला जोडतो तेवढाच वेळ तोटी उघडी राहते. गाडी जागेवर उभी असताना हा वेळ साधारण २ ते ४ मिलिसेकंद असतो.

आता हिशेब करा. ८०० आरपीएमवर प्रत्येक इंजेक्टर मिनिटाला ४०० वेळा उघडतो, म्हणजे सेकंदाला सहा-सात वेळा. वायर अर्धा सेकंद जरी सुटली तरी तीन वेळा पेट्रोल पडत नाही, आणि तुम्हाला एक झटका जाणवतो. पुढच्या क्षणी वायर पुन्हा टेकते, गाडी सुरळीत. म्हणून हा फॉल्ट चोरासारखा वागतो. तो खरा कुठे असतो? माझ्या अनुभवात इंजेक्टरच्या आत फार कमी वेळा. कपलर (वायरी जोडायचं प्लास्टिकचं सॉकेट), वायर, जॉइंट आणि अर्थ, या चार ठिकाणी बहुतेक वेळा.

मिसिंग (सिलिंडरमध्ये मध्येच जाळ न होणं, म्हणजेच हा झटका) तर प्लग किंवा इग्निशन कॉइलमुळेही होते. फरक कसा ओळखायचा?

सीटवर बसून ओळखणं अवघड आहे, हादरा सारखाच लागतो. काही खुणा मात्र आहेत. ही कॉइल (प्लगला ठिणगी देणारी, इंजेक्टरच्या आतली नव्हे) किंवा प्लग कमजोर असेल तर गाडी जोर लावताना मिसिंग करते: चढावर, भरलेल्या गाडीत, वरच्या गिअरमध्ये पिकअप मागितला की. वायरिंगचा फॉल्ट असा जोराशी बांधलेला नसतो. तो खड्ड्यावर येतो, गरम झाल्यावर येतो, पाणी लागल्यावर येतो. सपाट रस्त्यावर हळू चालतानाही येतो.

दुसरी खूण प्लगची. मिसिंग चालू असतानाच इंजिन बंद करा आणि इंजिन निवल्यावर त्या सिलिंडरचा प्लग काढा. ठिणगी पडत नसेल तर पेट्रोल तसंच आत जमतं, प्लग ओला निघतो आणि सायलेन्सरला कच्च्या पेट्रोलचा वास येतो. इंजेक्टरच उघडत नसेल तर प्लग कोरडा निघतो.

तिसरा उपाय अदलाबदलीचा. एक नंबरची कॉइल दोनवर आणि दोनची एकवर लावून आठ दिवस चालवा. मिसिंग कॉइलच्या मागे गेली तर कॉइल दोषी. एक नंबरवरच राहिली तर पुढे शोधा. चालू इंजिनवर कॉइल उपसून पाहायची सवय काहींना आहे. ती सोडा. झटका बसतो, आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो भाजतो.

स्कॅनर लावला, त्यात काहीच दिसलं नाही. मग?

आधी विचारतो: स्कॅनर (ईसीएमनं नोंदवलेले फॉल्टचे कोड वाचणारं यंत्र) लावण्यापूर्वी कोणी बॅटरीचं टर्मिनल काढलं होतं का? आपल्याकडे गाडी बिघडली की पहिला उपाय तोच. त्यानं ईसीएमच्या आठवणीतला पुरावा पुसला जातो.

टर्मिनल काढलं नसेल तर पक्क्या कोडसोबत 'पेंडिंग' कोडही बघा. फॉल्ट एकदाच, थोडक्यात येऊन गेला असेल तर तो तिथे सापडतो. पी ०३०१ ते पी ०३०४ या कोडचा अर्थ एवढाच की त्या नंबरच्या सिलिंडरचा फायर चुकला; कशामुळे ते कोड सांगत नाही. पी ०२०१ ते पी ०२०४ मात्र थेट इंजेक्टरच्या सर्किटकडे बोट दाखवतात. पी ०२०३ म्हणजे तीन नंबरच्या इंजेक्टरची वायर, कपलर, कॉइल किंवा ईसीएमचा ड्रायव्हर (इंजेक्टर चालू-बंद करणारा आतला भाग) यांपैकी काहीतरी. हा कोड आला म्हणून इंजेक्टरच बदलायचा असं नाही.

कोडसोबत 'फ्रीझ फ्रेम' असते: फॉल्ट आला तेव्हा आरपीएम किती, कूलंट किती गरम, वेग किती. कोड पुसण्याआधी मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवा. फोनला जोडायचा स्वस्त ब्लूटूथ स्कॅनरही एवढ्या कामाला पुरतो.

गॅरेजात आणली की गाडी शहाण्यासारखी चालते. फॉल्ट पकडायचा कसा?

गाडीत वही ठेवा. खरंच सांगतो, माझं निम्मं काम अशा वहीनं झालंय. झटका आला की तारीख, वेळ, इंजिन थंड की गरम, रस्ता कसा, गिअर कोणता, एसी चालू होता का, आदल्या दिवशी गाडी धुतली होती का, पेट्रोल कुठे भरलं, आणि आरपीएमचा काटा नुसता थरथरला की एकदम शून्यावर आला, एवढं लिहा. चालवणाऱ्यानं गाडी थांबवूनच लिहावं, किंवा शेजारच्यानं लिहावं.

एका गिऱ्हाइकाच्या घरी ही नोंद त्यांच्या मुलीनं ठेवली. तीन आठवड्यांच्या नोंदी वाचल्यावर लक्षात आलं की झटका बहुतेक वेळा कोठ्यासमोर गाडी रिव्हर्स घेताना येतो. पुढे जाताना इंजिन एका बाजूला झुकतं, रिव्हर्सला दुसऱ्या बाजूला. इंजिनचं माउंटिंग फाटलेलं होतं, त्यामुळे रिव्हर्सला इंजिन जास्तच कलायचं आणि इंजेक्टरची वायरिंग ताणली जायची. कपलरजवळ वायर आतून तुटली होती, वरचं प्लास्टिक शाबूत. बाहेरून बघणाऱ्याला शंभर वर्षं दिसली नसती.

दुसऱ्या एका वहीत प्रत्येक नोंदीत 'रपटा' हा शब्द होता. त्यांच्या गावच्या नाल्यावरच्या रपट्यातून पाणी उडालं की दोन किलोमीटरनंतर मिसिंग सुरू. त्याबद्दल पुढे.

हातानं तपासायला सुरुवात कुठून करू?

इंजिन जागेवर चालू ठेवा. सैल बाह्या, गमछा, ओढणी बाजूला; फॅन आणि बेल्टपासून हात लांब. मग इंजेक्टरचा एकेक कपलर हळूच हलवा, पुढे वायरीचा जुडगा वितभर वितभर पकडून वाकवा, ईसीएमच्या कपलरपर्यंत जा. ज्या जागी हात असताना इंजिनचा आवाज बदलला ती जागा खडूनं खुणावा. जोरात हिसके देऊ नका, नाहीतर नवीन फॉल्ट तुम्हीच तयार कराल.

मग इंजिन बंद करून कपलर काढा आणि आत टॉर्च मारा. हिरवी बुरशी, काळपट पिन, आत दबलेली पिन, हरवलेलं रबर. मादी पिन सैल झाली आहे का हे डोळ्यांना कळत नाही. त्याच मापाची जुनी नर पिन घेऊन आत सरकवा. हलकी पकड जाणवली पाहिजे. सैल पिनांमागे पुष्कळदा आम्हीच असतो. मल्टिमीटरची जाड सळई पिनेत खुपसून खुपसून मेकॅनिक ती पसरवतात.

लांब स्क्रूड्रायव्हर इंजेक्टरला टेकवून दुसरं टोक कानाला लावा. टिकटिक ऐकू येते. झटक्याच्या वेळी टिकटिक थांबली तर वीज पोचत नाही किंवा सुई अडकली. टिकटिक चालू असून मिसिंग होत असेल तर इंजेक्टरच्या वायरिंगला तूर्त सोडून द्या.

गाडी सेकंडहँड आहे, आधी सीएनजी किट होतं म्हणतात. त्याचा संबंध असू शकतो?

असू शकतो, आणि माझ्या यादीत तो फार वर आहे. आपल्या खेड्यांत बऱ्याच गाड्या पुण्या-मुंबईहून वापरून आलेल्या असतात. तिकडे सीएनजी परवडतो, इकडे गावाजवळ पंप नाही, म्हणून किट काढून गाडी विकली जाते. सिक्वेन्शियल किट (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस सोडणारं) बसवताना पेट्रोल इंजेक्टरच्या वायरी कापून मधात गॅसचा ईसीयू (गॅस किटचा वेगळा कॉम्प्युटर) जोडतात. गॅसवर चालताना पेट्रोलचे इंजेक्टर बंद राहावेत आणि मूळ ईसीएमला ते कळू नये, यासाठी ही सोय. किट काढताना सिलिंडर आणि पाइप व्यवस्थित निघतात, कारण त्यांना किंमत असते. कापलेल्या वायरींची टोकं पिळून वर टेप गुंडाळला की काम संपलं.

या बाबतीत मी स्वतः फसलो आहे. एका गाडीला पी ०२०२ यायचा. मी दोन नंबरचा इंजेक्टर बदलला, गाडी छान चालली, आणि पंधरा दिवसांत तोच कोड घेऊन परत आली. वायरींचा जुडगा पूर्ण सोलला तेव्हा जाळीदार नळीखाली चार पिळलेले जॉइंट सापडले. टेपचा गोंद उन्हानं वितळून चिकट झालेला, तांबं हिरवं. इंजेक्टर बदलताना वायरी हलल्या आणि जॉइंट तात्पुरता टेकला, एवढंच माझं कर्तृत्व. इंजेक्टरचे पैसे परत केले. तेव्हापासून सेकंडहँड गाडी आली की डिक्कीत सिलिंडरच्या बोल्टची भोकं आहेत का, हे मी बॉनेट उघडण्याआधी बघतो.

किट अजून बसलेलं असेल तर निदान सोपं आहे. मिसिंग फक्त पेट्रोलवर येते की दोन्हींवर? फक्त पेट्रोलवर येत असेल तर प्लग-कॉइल बरेचसे सुटले. इंजेक्टर आणि ते जॉइंट आधी बघा.

इंजेक्टरचा ओहम मोजला, १३ आला. म्हणजे इंजेक्टर ठीक?

थंड असताना ठीक, एवढंच म्हणता येईल. बहुतेक पेट्रोल गाड्यांचे इंजेक्टर साधारण १२ ते १६ ओहमचे असतात. नेमका आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलचा धरा. तांबं तापलं की रेझिस्टन्स वाढतो, दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के. २० अंशाला १२ ओहम असलेली कॉइल ८० अंशाला १४.८ च्या आसपास दाखवणार. हा दोष समजू नका. बघायचं ते हे, की सगळे इंजेक्टर सारखेच वाढले का. तीन १४.८ वर आणि एकच ११ वर असेल तर त्याच्या कॉइलचे वेढे आत एकमेकांना चिकटले आहेत. एखाद्याचा आकडा उड्या मारत असेल किंवा मीटर 'ओपन' दाखवत असेल तर आतली तार तुटतेय. म्हणून गाडी दहा-बारा किलोमीटर पळवून आणा आणि गरम असतानाच सगळे मोजा.

काही नव्या गाड्यांत एका सिलिंडरला दोन इंजेक्टर असतात, तिथे मोजणी दुप्पट.

कपलरला १२ व्होल्ट येतात, तरी वायर खराब असू शकते?

हो. इथे पुष्कळ पोरं फसतात. डिजिटल मल्टिमीटर जवळजवळ करंट घेतच नाही. वायरीतला एकच तंतू उरलेला असला तरी तो पूर्ण १२ व्होल्ट दाखवेल. इंजेक्टरला मात्र पाऊण ते एक अँपिअर लागतो, आणि तो त्या एका तंतूतून जात नाही. नळाला पाणी आहे पण धार नाही, तशी गत.

म्हणून लोड द्या. इंजेक्टरचा कपलर काढा, स्विच ऑन करा, १२ व्होल्ट १० वॅटचा बल्ब सप्लायच्या पिनेपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत लावा. तो इंजेक्टरएवढाच करंट ओढतो. काही गाड्यांत स्विच ऑन केल्यावर रिले दोन-तीन सेकंदच धरतो, तिथे इंजिन चालू ठेवून बघावं लागतं. बल्ब पेटलेला असताना बॅटरीचं पॉझिटिव्ह आणि ती पिन यांच्यामध्ये मीटर धरा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं तर मधात कुठेतरी अडथळा आहे. तसंच ठेवून वायरी हलवा. बल्ब लुकलुकला की जागा सापडली.

ईसीएमकडे जाणाऱ्या वायरीला हाच बल्ब लावायचा असेल तर आधी बॅटरी सोडा आणि ईसीएमचा कपलर काढा. मग ती एकटी वायर दोन्ही टोकांनी मोकळी करून तिच्यातून वेगळ्या बॅटरीवर बल्ब पेटवा आणि हलवून बघा. ईसीएम जोडलेला असताना त्या बाजूला मोठा बल्ब लावला तर ड्रायव्हर जळू शकतो. तिथे फक्त एलईडीचा नॉइड लाइट (इंजेक्टरची वीज तपासायचा छोटा दिवा), तो इंजेक्टरच्या जागी कपलरमध्ये बसतो. तेवढ्यापुरता तो सिलिंडर मेलेला राहील, पण एलईडीची लुकलुक एकसारखी आहे की मध्येच चुकते, हे स्पष्ट दिसतं.

फक्त उन्हाळ्यात, तेही दुपारीच मिसिंग येते. कारण?

मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असतात, बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. तापलं की प्लास्टिक सैल पडतं, तुटत आलेली तार फाकते, रिलेतला सुटत आलेला डाग (कथलाचा जोड) उघडतो. केस वाळवायचा ड्रायर घेऊन एकेक कपलर, एकेक रिले वेगळा तापवा. मिसिंग सुरू झाली की तिथेच थांबा.

पण दोन फसव्या गोष्टी आहेत. भर उन्हात गाडी अर्धा तास उभी करून चालू केली आणि पहिली दोन-तीन मिनिटंच थरथरली, तर रेलमध्ये (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत) पेट्रोलची वाफ झाली असेल. ती वायरिंगची तक्रार नाही. दुसरी गोष्ट क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिन कसं फिरतंय हे ईसीएमला सांगणारा सेन्सर. तो गरम झाल्यावर दगा देतो, थंड झाल्यावर सुधारतो, आणि दोष इंजेक्टरवर येतो.

पावसाळ्यात किंवा गाडी धुतल्यावर येते.

कपलरचं रबर गेलंय. रपट्याचं पाणी किंवा वॉशिंग सेंटरचा प्रेशर पाइप, दोन्ही पाणी आत ढकलतात. काळ्या मातीचा चिखल सुकला की ओल धरून ठेवतो, पिना सडतात. खात्री करायची असेल तर फवाऱ्याच्या बाटलीनं एकेका कपलरवर नुसता बारीक फवारा मारा. काँटॅक्ट क्लीनरनं धुवा, पूर्ण वाळू द्या, रबर नवीन घाला. इंजिनवर प्रेशरनं पाणी मारणं बंद करा.

उंदीर-घुशींचं काय?

सोयाबीन निघालं, कुटाराचा ढीग घराजवळ आला की वावरातले उंदीर त्याच्यासोबत येतात, आणि रात्री त्यांना कोमट इंजिन सापडतं. वायर पूर्ण तोडली तर बरं, लगेच कळतं. अर्धी कुरतडली तर ती महिनाभर छळते. इंजिनवर लेंड्या, कापसाचे पुंजके, कडब्याचे तुकडे दिसले तर इंटेक मॅनिफोल्डच्या खाली आरसा घालून बघा. घरटं तिथेच करतात. तंबाखूची पानं, डांबराच्या गोळ्या लोक ठेवतात. चार दिवस फरक पडतो, मग उंदीर सरावतात. गाडी कुटारापासून आणि कोठ्यापासून लांब उभी करणं, हाच उपाय मला टिकलेला दिसला.

झटका नाही, गाडी एकदम बंदच पडते. हाही इंजेक्टरचा फॉल्ट?

तीन-चार इंजेक्टर एकाच क्षणी मरत नाहीत. सगळ्यांचं सामाईक काय ते बघा: फ्यूज, मेन रिले, सप्लायचा जॉइंट, क्रँक सेन्सर. सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम शून्यच दिसत असेल तर क्रँक सेन्सर किंवा त्याची वायर आधी. रिलेवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं हलकेच टकटक केल्यावर गाडी चालू-बंद होत असेल तर रिले बदला. त्याची किंमत इंजेक्टरच्या मानानं किरकोळ.

ईसीएम गेलाय असं सांगितलं. विश्वास ठेवू?

सप्लाय, दोन्ही वायरी, इंजेक्टर आणि अर्थ लोड देऊन तपासले का, हे आधी विचारा. इंजिन चालू, हेडलाइट चालू ठेवून ईसीएमची अर्थ पिन आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यात मोजा, ०.१ व्होल्टहून कमी हवं. इंजिनवरून बॉडीला जाणारी अर्थची पट्टी गंजलेली असते, ती घासून घट्ट केल्यावर 'गेलेले' ईसीएम जिवंत झालेले मी पाहिले आहेत. सगळं ठीक असून नॉइड लाइटची एलईडी मध्येच चुकत असेल, तर ईसीएम उघडायला पाठवा.

डिझेल गाडीला हेच सगळं लागू आहे का?

नाही. कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून जास्त दाबाचं डिझेल देणाऱ्या) गाड्यांचे सोलेनॉइड (कॉइलवर उघडणारे) इंजेक्टर बहुतेक वेळा १ ओहमच्याही खाली असतात आणि ईसीएम त्यांना उघडायला १२ नव्हे, ६०-८० व्होल्टच्या घरात दाब देतो. पिझो (कॉइलऐवजी स्फटिकावर चालणारा) असेल तर १०० च्याही वर. चालू इंजिनवर त्या वायरींना हात लावू नका, नॉइड लाइट लावू नका. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या जीडीआय गाड्यांनाही हीच ताकीद.

त्याहून मोठा धोका जुन्या सवयीचा आहे. जुन्या डिझेल गाडीत किंवा ट्रॅक्टरवर कोणता सिलिंडर मिस आहे हे बघायला पाइपाचा नट सैल करायचे. कॉमन रेलमध्ये दाब हजार बारच्या पुढे जातो. त्या दाबाची केसाएवढी धार कातडी भेदून डिझेल आत घालते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, दुखतही नाही, पण आतून हात सडतो. असं झालं तर मलम लावत बसू नका. ताबडतोब ऑपरेशनची सोय असलेल्या दवाखान्यात न्या आणि 'प्रेशरचं डिझेल आत गेलंय' असं स्पष्ट सांगा.

बऱ्याच कॉमन रेल गाड्यांत नवीन इंजेक्टर बसवल्यावर त्याच्यावर छापलेला कोड ईसीएममध्ये भरावा लागतो.

तुटलेली वायर जोडायची कशी? डाग द्यायचा ना?

इंजिनवर मी डाग टाळतो. कथिल वायरीत चढतं, तेवढा भाग कडक होतो, आणि थरथरीनं वायर डागाच्या कडेला पुन्हा तुटते. योग्य मापाचा क्रिम्प (दाबून बसवायची धातूची नळी) आणि वरून आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, हे टिकतं. पिळून टेप लावणं म्हणजे पुढच्या मे महिन्याचं गिऱ्हाईक तयार करणं. कपलर सडला असेल तर वायरीसकट तयार कपलर मिळतो, तो जोडा. वायरीला थोडी ढील ठेवा.

टाकीत इंजेक्टर क्लीनर ओतू का?

वायर तुटलेली असेल तर औषध टाकीत ओतून काय होणार?

काही दिवस तशीच चालवली तर?

बाजारापुरती चालवली तर जग बुडत नाही. पण चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर कन्व्हर्टर भाजतोय असं समजून वेग कमी करा आणि लवकर थांबवा. आणि इंजेक्टरची ईसीएमकडची वायर सोलवटून बॉडीला टेकली असेल तर मुळीच चालवू नका. मग तोटी उघडीच राहते, सिलिंडरमध्ये पेट्रोल साचतं, ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला, ऑइलची पातळी वाढलेली दिसली, तर सेल्फही मारू नका.

दुरुस्त झाली हे कधी मानायचं?

गॅरेजच्या दारात तर नाहीच. ज्या परिस्थितीत फॉल्ट यायचा तीच पुन्हा आणा: रपटा असेल तर रपटा, दुपार असेल तर दुपार, रिव्हर्स असेल तर दहा वेळा रिव्हर्स. कोड पुसून आठ-पंधरा दिवस चालवा, पेंडिंग कोड परत बघा. आणि गाडीतली वही तेवढे दिवस काढू नका.